देवावर भार टाकूनही मी थकतेच: एका ताईंच्या प्रश्नाला एका पाळकाचे उत्तर

ताई, सलाम.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि मधे एक दिवस जाऊ दिला. असल्या प्रश्नांना घाईने उत्तरे देऊन मी पूर्वी माणसे दुखावली आहेत.

इतर वाचणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. तुमच्या यजमानांना चौदा महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणे अडखळते. घरात सासूबाई, शाळेत जाणारी दोन मुले आणि वर तुमची नोकरी. रात्री दर दोन तासांनी उठून त्यांची कूस बदलावी लागते. मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, लोक म्हणतात, "प्रभूवर भार टाक, तो सामर्थ्य देईल." भगिनी मंडळात कोणीतरी पंडिता रमाबाईंचे उदाहरण दिले. तुम्ही पहाटे उठून प्रार्थना करता, स्वयंपाकघराच्या भिंतीवर बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातले ४:१३ हे वचन लावले आहे. तरी गेल्या आठवड्यात तुम्ही यजमानांवर ओरडलात आणि नंतर मोरीत जाऊन रडलात. कधीकधी वाटते, झोपले ते उठूच नये, असेही लिहिले आहे. आणि शेवटी विचारता: माझा विश्वास कमी पडतोय का? देवाच्या सामर्थ्यावर विसंबायचे म्हणजे नक्की करायचे तरी काय?

मी एकतीस वर्षे मराठी मंडळ्यांमध्ये पाळक होतो, बहुतेक काळ नगर जिल्ह्यात, पुढे सोलापूरकडे. आठवड्यातल्या दोन दुपारी रुग्णालयात खाटांजवळ बसण्यात गेल्या. मी डॉक्टर नाही. तुमच्या घरची आर्थिक ओढाताण किती आहे, सासूबाईंच्या हातून काय काय होते, तुमची मंडळी मोठी आहे की वीस घरांची, हे मला ठाऊक नाही. त्यामुळे पुढचे काही तुम्हाला लागू पडेल, काही पडणार नाही. जे पडणार नाही ते सोडून द्या.

मला दिसणारी खरी अडचण अशी: तुमच्या मनात एक हिशोब पक्का बसला आहे. देवाचे सामर्थ्य मिळाले की माणूस थकत नाही, चिडत नाही, रडत नाही. मी थकते, चिडते, रडते, म्हणजे मला ते मिळालेले नाही. म्हणजे माझ्या विश्वासात खोट आहे. हा हिशोब तुम्हाला कोणी मुद्दाम शिकवला नसेल. पण आपल्या साक्षींमधून तो आपोआप शिकवला जातो. उपासनेत उभे राहून "प्रभूने मला शक्ती दिली" असे सांगणारा माणूस संकटाच्या पलीकडे पोचलेला असतो. मधल्या रात्री त्याने कशा काढल्या ते तो सांगत नाही, आणि आपणही विचारत नाही.

तुमच्या भिंतीवरच्या वचनापासूनच सुरुवात करू. "मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे." प्रेषित पौलाने हे फिलिप्पै गावच्या मंडळीला कैदेतून लिहिले. त्याच्या आधीच्या ओळींत तो भरल्यापोटी राहणे आणि उपाशी राहणे, दोन्ही शिकलो असे सांगतो. म्हणजे "सर्वकाही" यात उपासमारही आली. आणि लगेच पुढचे, चौदावे वचन तुम्ही भिंतीवर लावलेले नाही, कोणीच लावत नाही. त्यात तो फिलिप्पैकरांना म्हणतो की माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे चांगले केलेत. त्या मंडळीने एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हाती त्याला मदत पाठवली होती, आणि तो बिचारा या सेवेपायी मरणाच्या दारापर्यंत आजारी पडला होता. देव मला सामर्थ्य देतो आणि तुम्ही पाठवलेली मदत मला मिळाली, ही दोन वाक्ये पौलाच्या पत्रात शेजारी शेजारी आहेत. आपण पहिले तोडून चौकटीत बसवले आणि दुसरे पुस्तकातच ठेवले.

दुसरे एक वाक्य तुम्ही नक्कीच ऐकले असेल: "देव आपल्याला झेपेल तेवढेच देतो." हे मीसुद्धा म्हटले आहे. पाळक होऊन दोन-तीन वर्षे झाली असतील. एका तरुण आईचे बाळ गेले होते आणि कबरस्तानातून परतताना मी तिला हे ऐकवले. तिने माझ्याकडे नुसते पाहिले. त्यानंतर ती वर्षभर उपासनेला आली नाही. पुढे तिच्या घरी जाऊन मी क्षमा मागितली. तिने ती दिली, पण ते वर्ष मी तिला परत देऊ शकलो नाही. करिंथकरांस पहिल्या पत्रात दहाव्या अध्यायात जे आहे ते मोहाविषयी, परीक्षेविषयी आहे. दुःखाचे माप आपल्या खांद्याच्या ताकदीनुसार कापून दिले जाते, असे तिथे म्हटलेले नाही. उलट दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात पौल उघड सांगतो की आशिया प्रांतात आमच्यावर असे संकट आले की आम्ही शक्तीपलीकडे दडपले गेलो, जगण्याचीही आशा सोडली. शक्तीपलीकडे! हे लिहिणाऱ्याचा विश्वास कच्चा होता असे आपण कधी म्हटले आहे का? त्यातून काय निष्पन्न झाले तेही तो पुढे सांगतो: आम्ही स्वतःवर भरवसा ठेवू नये, मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर ठेवावा. विसंबणे सुरू झाले ते अंगातले बळ संपल्यावर.

त्याच पत्राच्या बाराव्या अध्यायात शरीरातल्या काट्याची गोष्ट आहे. काटा काढ म्हणून पौलाने तीनदा विनवले, काटा निघाला नाही. उत्तर मिळाले, "माझी कृपा तुला पुरे आहे, कारण अशक्तपणातच शक्ती पूर्णतेस येते." पुढे, ख्रिस्ताचे सामर्थ्य आपल्यावर येऊन राहावे असे तो म्हणतो, तिथे मूळ ग्रीक क्रियापदात तंबूचा शब्द आहे, वर तंबू ठोकून राहणे. आपल्याकडे पाल ठोकणे म्हणतात तसे. ऊसतोडीला आलेली माणसे फडाच्या कडेला पाल ठोकतात. पाल अंगात बळ भरत नाही. दिवसभर मोळ्या वाहून आलेला माणूस पालात शिरतो तेव्हाही थकलेलाच असतो, फक्त उघड्यावर नसतो. देवाचे सामर्थ्य म्हटले की मी अनेक वर्षे टॉनिकची बाटली कल्पायचो. हे चित्र सापडल्यापासून रुग्णालयात माझी प्रार्थना बदलली. "प्रभू, हिला बळकट कर" याच्याऐवजी "प्रभू, हिच्यावर तुझे पाल असू दे" असे मी म्हणू लागलो.

आता तुमच्या रात्रींविषयी. राजांच्या पहिल्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय काढा. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवलेला संदेष्टा एलीया जिवाच्या भीतीने पळतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि आता पुरे, माझा प्राण घे असे देवाला म्हणतो. तुम्ही लिहिलेल्या वाक्यापासून ते फार लांब नाही. देवाने त्याला काय दिले? उपदेश दिला नाही, विश्वासावरून खडसावले नाही. त्याला झोपू दिले. मग देवदूताने हात लावून उठवले, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई समोर होती. तो जेवला आणि पुन्हा झोपला. दुसऱ्यांदा उठवून परत जेवू घातले, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नव्हती. होरेब डोंगरावर देव एलीयाशी मंद वाणीने बोलला तो प्रसंग आपण फार सांगतो, पण तो चाळीस दिवसांनंतरचा आहे. आधी दोन झोपा आणि दोन जेवणे.

चौदा महिने सलग तीन तास न झोपलेल्या बाईला चिडचिड होते ती झोप नसल्यामुळे. ती पाप आहे की नाही हे तपासण्याआधी ती झोप मिळवायला हवी. कूस बदलणे थांबवता येत नाही, अंगाला जखमा होतील. पण हवेच्या गादीने हे अंतर थोडे वाढवता येईल का, हे डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना नक्की विचारा. आणि आठवड्यातल्या दोन रात्री हे काम दुसऱ्या कोणीतरी करायला हवे. पहाटेची प्रार्थना महिनाभर सोडून तो तास झोपलात तरी चालेल. हे मी पाळक म्हणून, जबाबदारीने सांगतो.

दुसऱ्या कोणीतरी, हे लिहिणे सोपे आहे, मला माहीत आहे. माझ्या पत्नीची मूत्रपिंडे निकामी झाली तेव्हा तीन वर्षे आठवड्यातून दोनदा डायलिसिस होते. सकाळी नेणे, चार तास बसणे, परत आणणे, शिवाय मंडळीचे काम. कोणी विचारले की मी म्हणायचो, "देव आहे ना, चाललंय." मला वाटे, ही माझी साक्ष आहे. आमच्या पंचमंडळीत, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांत, एक निवृत्त एसटी कंडक्टर होते. ते एका मंगळवारी सकाळी दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पाळकसाहेब, आज मी बाईंना घेऊन जातो, तुम्ही झोपा." मी नको म्हटले. ते म्हणाले, "तुम्ही आम्हाला दर रविवारी देवावर विसंबायला सांगता. आणि देवाने मला पाठवलं तर दार लावून घेता." त्या दिवशी मी सकाळी नऊला झोपलो ते दुपारी दोनला उठलो. पुढे प्रत्येक मंगळवार त्यांचा झाला, अखेरपर्यंत.

निर्गमच्या सतराव्या अध्यायात अमालेकांशी लढाई चालू असताना मोशेचे हात जड होतात. तिथे देव मोशेच्या दंडांत ताकद भरू शकला असता. तसे झाले नाही. अहरोन आणि हूर यांनी त्याच्याखाली एक दगड ठेवला, त्याला बसवले आणि दोन्ही बाजूंनी हात धरून ठेवले, सूर्य मावळेपर्यंत. त्या दिवशी देवाचे सामर्थ्य असेच आले: एक दगड आणि दोन माणसे.

म्हणून तुम्ही मंडळीत मदत मागा, पण नेमकी मागा. "माझ्यासाठी प्रार्थना करा" म्हटले की लोक प्रार्थना करतात आणि घरी जातात, त्यात त्यांची चूक नसते, त्यांना काय करावे ते कळत नाही. पाळकांना किंवा भगिनी मंडळाच्या प्रमुखांना कागदावर लिहून द्या. शुक्रवारी रात्री दहा ते सकाळी सहा एक पुरुष माणूस हवा आहे, कूस बदलायची पद्धत मी दाखवीन. बुधवारी मुलांचा अभ्यास घेणारे कोणी हवे. फिजिओथेरपीला नेताना जिन्यावरून उतरवायला एक हात हवा. वीसपैकी दोन घरेही पुढे आली तरी पुष्कळ झाले. कोणीच आले नाही तर? तेही मी पाहिले आहे. तेव्हा शेजारी, सहकारी, माहेर, दुसऱ्या मंडळीचे लोक, कोणाकडेही मागा. प्रभूच्या दाखल्यात वाटेवर पडलेल्या माणसाला उचलणारा शोमरोनी परका होता, त्याच्या मंडळीतला नव्हता.

रमाबाईंविषयी. त्यांचे उदाहरण ज्यांनी दिले त्यांचा हेतू चांगलाच असणार. पण ते पुरते सांगायला हवे होते. दुष्काळाच्या वर्षांत आई-वडील गेले, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले, लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली आणि वर्षाच्या आत, एप्रिल १९२२ मध्ये, त्या स्वतः गेल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी मुली आणल्या, केडगावला मुक्ती सदन उभे केले. हे सगळे खरे. पण केडगावला त्या एकट्या कधीच नव्हत्या. मनोरमा होती, सोबतच्या कार्यकर्त्या बाया होत्या, आणि दळणापासून छपाईपर्यंतची कामे शिकलेल्या मुली होत्या. १९०५ च्या सुरुवातीला त्यांना मंडळीच्या जागृतीची तळमळ लागली तेव्हा त्या एकट्या खोलीत बसून राहिल्या नाहीत, सोबत प्रार्थना करायला कोण येते म्हणून त्यांनी विचारले आणि मुली रोज जमू लागल्या. रमाबाईंसारखे व्हायचे असेल तर विचारण्यातही त्यांच्यासारखे व्हावे लागेल.

प्रार्थना कशी करावी, हेही तुम्ही विचारले आहे. दोन गोष्टी सांगतो, त्यातली पहिली मोठी आहे.

आजच्यापुरते मागा. तुमच्या पत्रात "असे आणखी किती वर्षे" हा प्रश्न तीन वेळा आला आहे. दहा वर्षांचे सामर्थ्य आज एकदम मिळावे अशी तुमची मागणी आहे, आणि ते मिळत नाही म्हणून वाटते की काहीच मिळत नाही. रानात इस्राएल लोकांना देवाकडून मान्ना हे अन्न मिळायचे ते त्या दिवसापुरते, माणशी एक ओमर, म्हणजे एक ठरलेले माप. उद्यासाठी लपवून ठेवले त्यात किडे पडले. फक्त शब्बाथाच्या, विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट मिळे. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण लहानपणापासून म्हणतो, "आमची रोजची भाकर आज आम्हाला दे." आठवड्याची कणगी भरून दे असे म्हणत नाही. मी माणसांना सांगतो की दिवससुद्धा मोठा वाटत असेल तर पुढच्या कामापुरते मागा. दोन वाजता उठताना एवढेच: प्रभू, ही कूस. सकाळी डबे भरताना: प्रभू, हे डबे. डायलिसिसच्या दिवसांत माझी प्रार्थना याहून लांब नव्हती. त्या काळात मला कधीही उचंबळून आले नाही, कुठला प्रकाश दिसला नाही. पण रात्री मागे पाहिले की दिवस पार पडलेला असायचा, आणि तो माझ्या बळावर पडला नव्हता हे मला स्वच्छ माहीत असायचे.

दुसरे, देवापुढे गोड बोलू नका. रागावला असाल तर त्याच्यावर रागवा. स्तोत्रांचे पुस्तक तक्रारींनी भरलेले आहे आणि ८८ वे स्तोत्र तर अंधाराशीच संपते, शेवटी आशेची एक ओळही नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे आणि ते देवालाच उद्देशून आहे. पकडला जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशू स्वतः म्हणाला की माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे, आणि तीन शिष्यांना म्हणाला, इथे माझ्याबरोबर जागे राहा. त्यानेही सोबत मागितली. यजमानांवर ओरडलात त्याची क्षमा यजमानांकडे मागा, ती छोटी गोष्ट आहे, होऊन जाईल. मोरीतले रडणे देवाकडे न्या, त्याची क्षमा मागायची गरज नाही.

"झोपले ते उठूच नये" हे मात्र मी हलक्यात घेणार नाही. हे वाक्य एका जवळच्या माणसाला तोंडाने सांगा, आणि यजमानांना दाखवायला न्याल तेव्हा त्याच डॉक्टरांना स्वतःविषयीही सांगा. लांबलेल्या सेवेत नैराश्याचा आजार जडतो, मी तो चांगल्या विश्वासू माणसांना जडलेला पाहिला आहे, आणि औषधाने बरा झालेलाही. मधुमेहाची गोळी घेताना आपण विश्वासाला धक्का लागला असे मानत नाही. रात्री-अपरात्री विचार वाढले तर सरकारच्या टेलीमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, फोन मोफत आहे, मराठीत बोलता येते. जीव संपवावा असे ठोस मनात येऊ लागले तर सकाळची वाट पाहू नका, घरातल्या कोणाला उठवा.

कोणीतरी तुम्हाला सांगितले की पुरा विश्वास असता तर यजमान एव्हाना चालले असते, आणि विशेष अर्पणाचीही सूचना केली. तेल लावून, हात ठेवून मी कितीतरी आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली आहे. काही बरे झाले, पुष्कळ झाले नाहीत, आणि त्यांच्या विश्वासात मला फरक दिसला नाही. फिजिओथेरपीचे पैसे अर्पणात देऊ नका.

आणि हे वाचणाऱ्या दुसऱ्या एखाद्या बहिणीसाठी: तुझे संकट आजारपण नसून घरातली मारहाण असेल तर वरचे "आजच्यापुरते सोस" असे वाचू नकोस. तिथे देवावर विसंबणे म्हणजे सुरक्षित जागी निघून जाणे आणि मदत मागणे.

ताई, शेवटचे तुमच्या यजमानांविषयी. तुमच्या सगळ्या पत्रात ते फक्त सेवा घेणारे आहेत. साहजिक आहे, चौदा महिने तुम्ही त्यांना तसेच पाहिले. त्यांची समज शाबूत आहे असे तुम्ही लिहिले म्हणून धीर करून सांगतो. माझ्या पत्नीच्या शेवटच्या वर्षात ती उठून बसूही शकत नव्हती. एका रात्री मी तिच्या खाटेजवळ डोके टेकून बसलो होतो, प्रार्थना सुचत नव्हती. तिने हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि तिनेच प्रार्थना केली, चार-पाच शब्दांची. त्यानंतर ते रोजचे झाले. मी तिला औषध द्यायचो आणि ती माझ्यासाठी प्रार्थना करायची. आमच्या घरात पाळक कोण होते, असे त्या वर्षी कोणी विचारले असते तर मी तिचेच नाव सांगितले असते.

आज रात्री कूस बदलून झाली की दोन मिनिटे तिथेच बसा. त्यांचा डावा हात उचलून आपल्या डोक्यावर ठेवून घ्या आणि माझ्यासाठी मागा असे त्यांना सांगा. शब्द अडखळले, नुसता आवाज आला, तरी चालेल.